दोनशे एमबीचं वैराग्य

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० वारलं, म्हणजे मायक्रोसॉफ्टने त्याचं औषधपाणी थांबवलं, आणि तेराव्याचीही वाट न पाहता मुंबईच्या उपनगरांत गुरू उगवले. अंधेरीत उगवले, घाटकोपरला उगवले, मुलुंडला तर पूर्वेचे वेगळे आणि पश्चिमेचे वेगळे. कारण उघड होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सोसायटीच्या ऑफिसातलं, शाळेच्या लॅबमधलं, तुमच्या मामांच्या पलंगाशेजारचं यंत्र तिसऱ्या-चौथ्या पिढीचं. धडधाकट असूनही बाद. वर्षभराचा वाढीव ऑक्सिजन मायक्रोसॉफ्टने देऊ केला, पण त्याने मरण पुढे ढकललं जातं, टळत नाही. मग लिनक्स टाकायचं. इथवर सगळं शहाणपणाचं आहे. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. लिनक्स म्हटलं की गुरू डोळे अर्धवट मिटतात, "डेस्कटॉप कुठला टाकणार?" असं विचारतात आणि आपणच उत्तर देतात: "हलका टाका. एकदम हलका."

किती हलका? इथून पुढे वेडाची हद्द लागते.

तुम्हाला सांगायला नको, पण शेजारी बसून कोणी डोकावून वाचत असेल तर त्याच्यासाठी: डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे खिडक्या, खालची पट्टी, मेनू, घड्याळ, फाइली बघायचं साधन असा सगळा संसार. विंडोजमध्ये तो लग्नात मिळतो तसा मिळतो, चालवून घ्यायचा. लिनक्समध्ये निवडायचा. ग्नोम, केडीई, सिनॅमन, माते, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी. आणि संसारच नको म्हणणाऱ्यांसाठी आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स, आय-थ्री हे नुसते विंडो मॅनेजर. गुरूंचा ओढा अर्थातच शेवटच्या पंथाकडे. सगुणातून निर्गुणाकडे. आधी आयकॉन जातात, मग मेनू जातो, मग खालची पट्टी जाते, आणि शेवटी उरतो एक काळा पडदा, ज्याच्याकडे पाहून गुरू म्हणतात, "बघा, किती स्वच्छ!" स्वच्छच आहे. वीज गेल्यावरही तो असाच दिसतो.

या साधनेला प्रमाणपत्र लागतं, आणि ते म्हणजे स्क्रीनशॉट. मशीन सुरू झाल्या झाल्या, दुसरं काहीही न उघडता, किती रॅम वापरात आहे तो आकडा. ग्नोम साधारण एक-सव्वा जीबी घेतं. एक्सएफसीई पाचशे ते सातशे एमबी. एलएक्सक्यूटी त्याहून जरा कमी. आइसडब्ल्यूएमवर चालणारं अँटीएक्स दोनशेच्या आसपास. हे ढोबळ आकडे आहेत, डिस्ट्रोप्रमाणे, म्हणजे लिनक्सच्या वाणाप्रमाणे, हलतात. पण गुरुमंडळींत पंचवीस एमबीवरून मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. हा आकडा नटवून दाखवणारा निओफेच नावाचा एक लोकप्रिय प्रोग्राम होता. २०२४ मध्ये त्याच्या कर्त्याने तो बंद केला आणि आपण आता शेतीला लागल्याचं जाहीर केलं. संपूर्ण पंथात खऱ्या अर्थाने विरक्त झालेला तेवढा एकच गृहस्थ.

बाकीचे काय करतात? स्क्रीनशॉट काढून झाला की क्रोम उघडतात.

क्रोम! दोनशे एमबीत समाधी लावलेला हा योगी आता मेल उघडणार, यूट्यूब उघडणार, बँकेचं पान उघडणार, तीन बातम्या उघडून एकही वाचणार नाही. आणि बघता बघता दीड-दोन जीबी स्वाहा. वर ऑफिसच्या गप्पांसाठी स्लॅक, मित्रांच्या गप्पांसाठी डिस्कॉर्ड, कोड लिहायला व्हीएस कोड. हे तिन्ही इलेक्ट्रॉनवर बांधलेले, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात एकेक अख्खं क्रोमियम. चार ब्राउझर एकाच वेळी पोसणारा माणूस मला सांगतो की घड्याळ दाखवणारी पट्टी त्याला परवडत नाही. आणि बहुतेकदा तो हे सोळा जीबी रॅमच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवरून सांगतो! ज्याच्याकडे खरंच दोन जीबीचं यंत्र आहे, त्याला असली तत्त्वचर्चा करायला सवड नसते. त्याचं पान अजून उघडतंय.

बरं, रॅम रिकामी ठेवून करणार काय? लिनक्सला रिकामी रॅम बघवत नाही. उरलेली जागा तो डिस्कवरून वाचलेल्या फाइली जवळ ठेवायला वापरतो, आणि एखाद्या प्रोग्रामने मागितली की ती तात्काळ मोकळी करतो. 'फ्री' ही कमांड चालवली की हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत समोर येतं. पण बघायचा कोणता रकाना, तर शेवटचा, 'अव्हेलेबल'चा. गुरू बघतात दुसरा. अध्यात्मात रकान्यांना महत्त्व नसावं.

आता ती गोष्ट, जी या मंडळींच्या तोंडून कधी निघत नाही, कारण ती फुकट नाही आणि तिचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. जुनं यंत्र कासवगतीने चालतं त्याचं कारण नव्वद टक्के वेळा डेस्कटॉप नसतो. आत गरगर फिरणारी हार्डडिस्क असते. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई तिथवर सरकायचा वेळ वेगळा. इकडून एक तुकडा, तिकडून एक तुकडा असं वाचायचं ठरवलं तर सेकंदाला ऐंशीएक तुकडे, फार झालं तर शंभर. साध्यातली साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. रॅम भरली की लिनक्स जास्तीचा माल डिस्कवर टाकतो, त्याला स्वॅप म्हणतात; हार्डडिस्कवरचा स्वॅप म्हणजे यंत्राने हात टेकले असं समजायचं. तेव्हा पहिली एसएसडी, दुसरी जमल्यास चार जीबीची आणखी एक रॅमपट्टी, तिसरी गोष्ट झेडरॅम, जी रॅममधलाच माल दाबून बसवते आणि फेडोराने २०२० पासून आपणहून चालू ठेवली आहे. डेस्कटॉपचा विषय त्यानंतर. पण "काका, एसएसडी घाला" या वाक्याने कोणी गुरू होत नाही. त्यासाठी "काका, तुमचा विंडो मॅनेजर चुकलाय" असंच म्हणावं लागतं.

अंधेरी पूर्वेच्या एका सोसायटीत हे असंच म्हटलं गेलं. सेक्रेटरी काका निवृत्त, टंकलेखनाची परीक्षा दिलेले, इनस्क्रिप्टवर मराठी सफाईने टाइप करणारे. बिल्डिंगमधल्याच एका गुरूने त्यांच्या ऑफिसच्या यंत्रावर ओपनबॉक्स बसवून दिलं. सुरुवातीचा आकडा होता दोनशे चाळीस एमबी. तो त्याने काकांना अभिमानाने दाखवला, काकांनीही 'वा' म्हटलं, कारण काका सभ्य आहेत. दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो.

"अरे, ते वायफायचं चिन्ह कुठे गेलं?"

"काका, ते नसतं यात. टर्मिनल उघडा."

"टर्मिनल? टी-टू का?"

हसू नका. काकांचा प्रश्न गुरूच्या उत्तराइतकाच सयुक्तिक होता. पुढे पेनड्राइव्ह लावला, तो दिसेना. कारण तो आपोआप जोडून घेणारा प्रोग्राम 'फुगवटा' म्हणून उडवलेला. आवाजाची बटणं मुकी. त्यांना काम शिकवायचं तर एका एक्सएमएल फाइलीत चार ओळी लिहायच्या. स्क्रीन लॉक होईना. प्रिंटर दिसेना. शेवटी मराठी कीबोर्ड. तो तर मुळातच नव्हता. "तो स्क्रिप्टने येतो," गुरू म्हणाला. कोण लिहिणार स्क्रिप्ट? "मी देतो ना, काका." म्हणजे चारशे एमबी रॅम वाचवून काकांच्या वाट्याला काय आलं? गुरू. कायमचा. वायफाय गेलं की गुरू, पेनड्राइव्ह लावला की गुरू, गुरू गोव्याला गेला की वार्षिक सभेची नोटीस हाताने. यंत्रावरचं ओझं कुठे विरघळलं नव्हतं; ते उचलून बहात्तर वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि या हमालीला 'ऑप्टिमायझेशन' असं नाव दिलं होतं.

मराठी कीबोर्डचं मला जास्त लागलं. ही सोसायटी जिथे आहे तिथून रिक्षाने जुहूला जा. तिथे गुलमोहर क्रॉस रोडवर एनसीएसटी होतं, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. पुढे ते सीडॅकमध्ये विलीन झालं. विंडोज २००० पासून तुम्ही जो 'मंगल' फॉन्ट शिव्या देत वापरता, तो तिथल्या र. कृ. जोशींच्या हातचा. आणि त्याच संस्थेने या शतकाच्या आरंभी 'इंडिक्स' नावाच्या प्रकल्पात लिनक्सच्या खिडक्या रंगवणाऱ्या मूळ यंत्रणेलाच, एक्स विंडोला, देवनागरी शिकवायचा घाट घातला होता. जोडाक्षरं जुळावीत, वेलांटी आपल्या जागी बसावी, म्हणून. तेव्हाच्या यंत्रांची रॅम किती असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. आणि आज तिथून दोन-तीन किलोमीटरवर बसून हा चिरंजीव ज्या 'वेगवान, मिनिमल' टर्मिनलची आरती करतो, त्यात 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी तिसरीकडेच जाऊन उभी राहते! या जातीच्या बहुतेक टर्मिनलांनी अक्षरं जुळवण्याचा भाग 'अनावश्यक वजन' म्हणून टाळलेला असतो. अनावश्यक कोणाला? इंग्रजीत लिहिणाऱ्याला. मराठीत वेलांटी हे वजन नसतं, ते शुद्धलेखन असतं.

गंमत म्हणजे इनस्क्रिप्टला वजन जवळपास शून्य. तो कीबोर्डचा साधा आराखडा आहे, एक्स विंडोच्या स्वतःच्या यादीत भारताच्या खाली मराठीसाठी बसलेला आहे. वेगळा प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागत नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागतो, आणि तो ग्नोमसारख्या 'जाड्या' डेस्कटॉपमध्ये सेटिंगांतून चार टिचक्यांत बसतो. एक्सएफसीईतही इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमध्ये सापडतो. फक्त निर्गुण पंथात तो 'स्क्रिप्टने येतो'. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी लिनक्सचे, लिबरऑफिसचे धडे चक्क मराठी आवाजात करून ठेवलेत. काकांना ते कोणी दाखवले? कोणी नाही. पण ते धडे बघून शिकायचं तर पडद्यावर मेनू असावा लागतो, ही अडचण होतीच म्हणा.

या हलकेपणाच्या पंथांची वंशावळ काढली तर मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. एप्रिल २०११मध्ये ग्नोम ३ आलं, जुना चेहरामोहरा टाकून. त्याच महिन्यात उबुंटूने आपली युनिटी नावाची वेगळीच चूल पुढे केली. मग काय, फूट! एक गट ग्नोम २चा कोड घेऊन बाहेर पडला आणि त्याने 'माते' स्थापन केलं: मूळ पक्ष आम्हीच. लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन काढलं: विचार आमच्याकडे. तिकडे तैवानच्या हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं एलएक्सडीई होतंच. यी जीटीके ३वर नाराज होऊन स्वतःच क्यूटी गटात गेले, तिथल्या रेझर-क्यूटीशी युती केली आणि एलएक्सक्यूटी जन्माला आलं. मागे उरलेल्यांनी एलएक्सडीईची पाटी काढली नाही ती नाहीच. निवडणूक आयोग नाही, चिन्हाचा वाद नाही, एवढाच काय तो फरक. आणि उबुंटूवाले २०१७मध्ये युनिटी सोडून देतो असं सांगून निमूट ग्नोमकडे परत गेले. घरवापसी इथेही आहे.

ज्याने मुळात लिनक्सचं कर्नल लिहिलं तो लिनस तोरवाल्ड्सही यातून सुटला नाही. २००८च्या जानेवारीत केडीई ४ आलं, ते आवडलं नाही म्हणून तो ग्नोमकडे गेला. ग्नोम ३ आवडलं नाही म्हणून २०११मध्ये जाहीर शिव्या घालून एक्सएफसीईकडे गेला. त्याच्या या वाक्यांच्या ताम्रपटासारख्या प्रती आजही गुरुकुलांत टांगलेल्या सापडतात. त्यानंतर दोनेक वर्षांत तो परत ग्नोमवर गेला, याचा ताम्रपट मात्र कुठे दिसत नाही.

आणि 'केडीई म्हणजे हत्ती' ही म्हण तर आता मोडीत काढायला हवी. केडीईची घोषणा मात्तियास एट्रिख यांनी केली ती १४ ऑक्टोबर १९९६ला. हो, तीच तारीख. विंडोज १०च्या आचके देण्याच्या दिवशीच केडीईचा एकोणतिसावा वाढदिवस होता, आणि केडीईवाल्यांनी विंडोज १०च्या निर्वासितांसाठी रीतसर मोहीमही काढली. प्लाझ्मा ५पासून केडीई इतकं रोडावलंय की कित्येक मोजण्यांत ते एक्सएफसीईच्या खांद्याला खांदा लावून उभं राहतं. पण गुरूने २००८मध्ये जे एकदा ऐकलं ते ऐकलं. श्रुती बदलत नाही.

मग हलकेपणाला अर्थच नाही का? आहे, आणि तो रॅमपेक्षा ग्राफिक्समध्ये आहे. जुन्या यंत्राचं ग्राफिक्स कार्ड त्रिमितीचं काम नीट पेलत नसेल तर ग्नोमच्या सावल्या आणि सरकपट्ट्या रंगवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, आणि साधी खिडकी हलवली तरी पंखा ओरडतो. तिथे एक्सएफसीईत एक खूण काढली की सगळा साज बंद. हा खरा फायदा, पण तो गुरूच्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, म्हणून त्याची कथा कोणी लावत नाही.

हलक्या यंत्राचा एक खरा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे, आणि तो स्क्रीनशॉटसाठी नव्हता. २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, एक जीबी साठवण. गुरूला सांगा, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. आता पुढचं सांगा: त्यावरचा 'शुगर' हा डेस्कटॉप पायथनमध्ये लिहिलेला, त्या यंत्राला जडच जायचा, लोकांनी त्याच्या मंदपणावर टीका केली. पण त्यात फोल्डरांचा गुंता नव्हता. मुलाने काल काय केलं ते रोजनिशीसारखं ओळीने समोर यायचं. बनवणाऱ्यांनी आधी समोर बसलेलं पोर पाहिलं, मग मेगाबाइट मोजले. शुगर सगळीकडे जमलं असं मी म्हणणार नाही. नंतरच्या एक्सओंवर सोबत ग्नोमही देऊ लागले. पण चुकायचं तर त्या बाजूला चुकावं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ते इतकं कंटाळवाणं आहे की त्याचा पंथ निघणं अशक्य. चार जीबी रॅम असेल तर एसएसडी घालून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. दोन जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, आणि ब्राउझरमध्ये दोनच टॅब ठेवण्याची शपथ. आठ जीबी असेल तर जे डोळ्यांना बरं वाटेल ते, चर्चा बंद. यंत्र ३२-बिटचं असेल तर भंगारवाल्याला हाक मारा. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६मध्ये सोडलं, डेबियनने २०२५च्या ऑगस्टमध्ये तेराव्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर देणं बंद केलं. अशा यंत्रावर अँटीएक्स घालून दाखवता येतं, नाही असं नाही. पण मग ते यंत्र राहत नाही, छंद होतो. एक्सएफसीईवर गुरूंचा आक्षेप असा की त्यात काही घडतच नाही. ४.१२ ही आवृत्ती २०१५च्या फेब्रुवारीत आली, पुढची ४.१४ थेट २०१९च्या ऑगस्टमध्ये. साडेचार वर्षं! ऑलिव्हिए फूरदाँ यांनी १९९६मध्ये ते सुरू केलं. त्याचं बोधचिन्ह उंदीर आहे, आणि हा उंदीर धावत नाही. ज्या काकांना आज जिथे बटण आहे तिथेच ते उद्याही हवं असतं, त्यांच्यासाठी यापेक्षा मोठा गुण मला माहीत नाही.

तर काकांच्या यंत्रात एसएसडी गेली, मिंट एक्सएफसीई गेलं, इनस्क्रिप्ट आला, वायफायचं चिन्ह कोपऱ्यात परत उगवलं. प्रिंटरने एक संध्याकाळ खाल्ली. पाणीकपातीची नोटीस शुद्ध मराठीत छापून लिफ्टच्या शेजारी लागली. गुरू ती वाचायला आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, बूट झाल्यावर किती रॅम घेतो?" काका म्हणाले, "ते कुठे लिहिलेलं असतं?"

एक अडचण उरलीच आहे, लपवत नाही. मेंटेनन्सचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरात आहे, नाव तुम्हाला ठाऊक आहे, ते विंडोजशिवाय चालत नाही; म्हणून हिशेबनीस दर महिन्याला स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो. गुरूला हे कळल्यावर त्याचे डोळे चमकले. ते वाइनमध्ये चालतं म्हणे, फक्त थोडं कॉन्फिगर करावं लागतं, रविवारी बसून करून देतो म्हणाला. कुठला रविवार, ते काकांनी विचारलेलं नाही.